कायदा जाणून घ्या : नाक्यावर गाडी अडवली तर

वाचकहो, पनवेलवरून मुंबई-पुण्याचा रस्ता जातो आणि गोव्याचा रस्ता पळस्प्याला फुटतो. रात्री भाजीचा टेम्पो वाशीच्या बाजारात न्यायचा, तर पोलिसांचा नाका लागू शकतो. हवालदार यंत्र पुढे करतो आणि म्हणतो, "फुंका." अशा वेळी कायदा काय सांगतो?

पुष्कळांचा समज असा, की सिनेमात दाखवतात तसे पोलिसाने आधी आपले हक्क सांगितले पाहिजेत. ती रीत अमेरिकेची. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९६६ साली घालून दिली. आणि रस्त्यावर गाडी थांबवून केलेल्या साध्या विचारपुशीला ती लागू नाही, असे १९८४ साली त्यानेच सांगितले. आपल्याकडेही फुंकण्याआधी हक्क सांगण्याचे बंधन नाही. संशयाला कारण असले, की गणवेशातील पोलीस ही चाचणी घेऊ शकतो. नकार दिला तर अटक होऊ शकते, आणि तो नकार कोर्टात आपल्याच अंगावर येतो. तेव्हा हुज्जत घालू नका.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, की गुन्हा झाला. पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मोटारसायकल आणि ट्रॅक्टरही यातून सुटत नाहीत.

मात्र अटक झाली, की सांगण्याची जबाबदारी पोलिसांवर येते. या गोष्टी ध्यानात ठेवा :

१. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे. जुलै २०२४ मध्ये वरळीला मोटारीच्या धडकेत मासळी विकणारी एक बाई दगावली. चालक दारू प्यायला होता, असा आरोप झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितले, की कोणत्याही गुन्ह्यात अटकेचे कारण लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत द्यावे. तत्काळ जमले नाही तर तोंडी सांगावे. पण मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद हाती द्यावा.

२. नुसत्या दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात जामीन मिळतो. तो हक्क पोलिसांनी सांगावा, आणि घरी निरोप द्यावा.

३. अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हावी. न झाल्यास सोडावे लागते. म्हणून अटकेची वेळ लक्षात ठेवा.

४. आपल्या पसंतीचा वकील भेटू शकतो. ऐपत नसल्यास १५१०० या क्रमांकावर सरकारी विधी सेवेची मोफत मदत मागा.

५. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आपल्याविरुद्ध पुरावा ठरत नाही.

माय-भगिनींनो, रात्री असा निरोप आला तर घाबरून जाऊ नका. ठाणे कोणते, अटक किती वाजता झाली, कलम कोणते, एवढे विचारून लिहून घ्या. आणि लग्नाच्या जेवणावळीत घरधन्याने पेला तोंडाला लावलाच, तर गाडीची किल्ली आधी आपल्या पदराला बांधा. हक्क सगळे मिळाले, तरी रस्त्यावर गेलेला जीव परत येत नाही.