उनाड कोण?

जागेवर न बसणाऱ्या, अर्ध्यातच वही मिटणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे ‘उनाड’ ठरविले. ती आमची चूक होती. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकविण्यातील अडचण व अतिचंचलता, हा संस्कारांचा अभाव नव्हे. असा विद्यार्थी संगणकाची आज्ञावली लिहिण्यात रमू शकतो; कारण तेथे चूक तत्काळ दिसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून बोरी अरबसारख्या गावी प्रमाणपत्राची वाट न पाहता शाळेनेच कामाचे लहान टप्पे, लेखी सूचना व मधली विश्रांती द्यावी. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारेचा दृष्टान्त दिला. ती अतिताणलेली नको, सैलही नको. उद्या नोकरीत हेच हक्काने मागण्याचे धैर्य त्याला येथेच लाभावे.