चित्र राष्ट्राचे, तर जोखीमही राष्ट्राची

माननीय केंद्रीय संस्कृती मंत्री यांस,


औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत, हेन्री मूरचे माता आणि बालकाचे शिल्प आहे. ती काही महिने मुंबईत मांडावीत असे कुणी ठरवले, तर आधी विमा आडवा येईल. चित्र भिंतीवरून उतरल्यापासून परत भिंतीवर चढेपर्यंतची जोखीम विमा कंपनी घेते आणि हप्ता बाजारभाव पाहून लावते. २०२३ साली अमृता शेरगिल यांचे एक चित्र लिलावात ६१.८ कोटी रुपयांना गेले. संग्रहालयाला काहीही विकायचे नसते, तरी चढत्या भावाचा भार त्यालाच सोसावा लागतो.

रविवर्मा आणि शेरगिल यांच्या कलाकृती १९७२ च्या कायद्याखाली राष्ट्राचा कलानिधी ठरल्या आहेत. खासगी मालकालाही त्या परदेशी विकता येत नाहीत. हा निर्बंध मला मनापासून मान्य आहे. पण एवढा अधिकार सांगणाऱ्या शासनाने या कलाकृती प्रवासाला निघाल्यावर हमीदार म्हणूनही उभे राहावे.

अमेरिकेने अशा हमीचा कायदा १९७५ साली केला, ब्रिटनने १९८० साली. तिथे सरकार आधी हप्ता भरत नाही. नुकसान झाले तर भरपाई देण्याचे वचन देते. मात्र ते वचन सहजी मिळत नाही. पहारा, आगीपासून बचाव, दालनातली आर्द्रता, पेट्यांची बांधणी, वाहतूक, सगळे तपासले जाते. मला या योजनेत सर्वांत मोलाची वाटते ती ही तपासणी. दीदारगंजच्या यक्षीच्या प्राचीन शिल्पाला परदेशी प्रदर्शनाच्या प्रवासात इजा झाली. कितीही पैसे मिळाले तरी अशी इजा भरून येत नाही. हमी हवी म्हणून एखाद्या जिल्ह्याच्या संग्रहालयाने आपली दालने सुधारली, तर एकही चित्र बाहेर न जाता तिथला सगळा संग्रह सुरक्षित होईल.

म्हणून विनंती अशी, की ही हमी कायद्याने द्यावी आणि ती परदेशातून येणाऱ्या प्रदर्शनांपुरती ठेवू नये. औंध ते मुंबई हा प्रवासही तिच्यात बसावा. अर्ज लहान संग्रहालयाला थेट करता यावा, निर्णयाला मुदत असावी, आणि तपासणीत उणिवा निघाल्या तर त्या दूर करण्यासाठी अनुदानही त्याच योजनेतून मिळावे.

आपला,
एक संग्रहालयप्रेमी नागरिक