आधी खिडक्या उघडा

मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या. शहरांतील पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गात परतायला डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. त्या काळात भर राहिला तो बाके पुसण्यावर आणि फवारणीवर. कोरोना मात्र मुख्यतः हवेतून पसरतो. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, डबा मैदानात खाणे, तापलेल्या मुलाला हजेरीच्या धाकाशिवाय घरी राहू देणे, हे उपाय स्वस्त आणि अधिक उपयोगी.

शाळा बंद म्हणजे केवळ अभ्यास बंद नव्हे. गरम खिचडी, खेळ, सवंगडी सारेच बंद. गप्प झालेले, चिडचिडे मूल आळशी नसते. बुडालेला अभ्यासक्रम रेटण्याआधी शिक्षकांनी त्याचे ऐकून घ्यावे. पुढच्या साथीत शाळा सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी.