अदृश्य धूळ आणि दूध

आग लागली की धूर दिसतो, पूर आला की पाणी दिसते. परंतु अणुभट्टीच्या अपघातानंतर वाऱ्याबरोबर जी धूळ पसरते, तिला ना रंग असतो, ना वास, ना चव. समजा, नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात अशी धूळ पडली, तर धुऱ्यावरचे गवत पूर्वीइतकेच हिरवे दिसेल, गाय ते नित्याप्रमाणे चरेल आणि सायंकाळी काढलेले दूधही तितकेच पांढरे असेल. नांदगावापासून अणुवीजकेंद्र फार दूर आहे, तेव्हा भिण्याचे कारण नाही. मात्र ज्या गावांत असे खरोखर घडले, तीही नांदगावासारखीच शेतीची आणि गाईगुरांची गावे होती.

26 एप्रिल 1986 रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. आग विझविणारे जवान व तेथील कामगार यांपैकी 28 जण प्रखर किरणोत्सर्गामुळे त्याच वर्षी मृत्यू पावले. जवळच्या प्रिप्यात नगरातील लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी हलविण्यात आले. जगाला मात्र ही वार्ता तिसऱ्या दिवशी कळली. आणि तीही स्वीडनमधील एका अणुवीजकेंद्रात कामगाराच्या पादत्राणांवर किरणोत्सर्ग आढळला तेव्हा! ज्यांच्या घरी अपघात झाला, त्यांनी आपण होऊन तोंड उघडले नव्हते.

त्या धुळीत किरणोत्सर्गी आयोडीन होते. आयोडीन हे शरीराला आवश्यक असते आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथी ते साठवून ठेवते. परंतु चांगले आयोडीन कोणते व घातक कोणते, हे तिला ओळखता येत नाही. गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि दुधातून मुलाच्या गळ्यात, असा त्याचा प्रवास झाला. मुलांची ग्रंथी लहान आणि दूध पिणे अधिक, म्हणून त्यांनाच अधिक इजा झाली. वास्तविक या आयोडीनचे बळ दर आठ दिवसांनी निम्मे होते. काही आठवडे मुलांना ताजे दूध दिले नसते, तरी पुष्कळ अनर्थ टळला असता. परंतु अनेक खेड्यांना हे वेळेवर कोणी सांगितलेच नाही. सुमारे चार वर्षांनी मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढू लागले. अपघाताच्या वेळी जे बालवयात वा किशोरवयात होते, त्यांच्यापैकी 6,000 हून अधिक जणांना 2005 पर्यंत हा रोग झाल्याचे बेलारूस, युक्रेन व रशियाचा बाधित भाग येथे आढळले. त्यांतील मोठा वाटा त्या दुधाचा होता, असा संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. उपचारांमुळे बहुतेकांचे प्राण वाचले, हे त्यातल्या त्यात सुदैव.

शेजारच्या पोलंडने काय केले? 29 एप्रिलपासून तेथे सुमारे 1 कोटी मुलांना साध्या आयोडीनची मात्रा पाजण्यात आली आणि चरणाऱ्या गाईंचे दूध मुलांना देण्यावर बंधने घालण्यात आली. भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही, तसे साध्या आयोडीनने भरलेली ग्रंथी घातक आयोडीन फारसे घेत नाही.

खरे सांगितले तर लोक घाबरतील, असे अधिकारावरील माणसे नेहमी म्हणतात. भीतीनेही अपाय होतो, हे नाकारता येत नाही. 2011 मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या अपघातानंतर घाईने केलेल्या स्थलांतराचे हाल सोसताना कित्येक वृद्ध दगावले. परंतु भीती सत्यापेक्षा मौनातून अधिक वाढते. ज्याला नेमके किती दिवस दूध टाळायचे हे ठाऊक आहे, तो सावध राहतो. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो जन्मभर प्रत्येक घासाला भितो.

महाराष्ट्रात तारापूरचे अणुवीजकेंद्र 1969 पासून आहे. तेथे चेर्नोबिलसारखा अपघात घडलेला नाही. तरीही चेर्नोबिलचा प्रश्न मुंबईच्या दारी आला, तो लोण्याच्या रूपाने! आयर्लंडहून आलेल्या सुमारे 200 टन लोण्यात किरणोत्सर्गाचा अंश असल्याची शंका घेऊन डॉ. शिवराव वागळे व इतर नागरिक न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. ठरविलेल्या मर्यादेतील अंश निर्धोक आहे, असे समितीने सांगितले आणि 1988 मध्ये नागरिकांचे म्हणणे फेटाळले गेले. मग हा सारा खटाटोप व्यर्थच गेला, असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. लोणी निर्धोक होते, हे लोकांनी कोणाच्या तरी शब्दावर नव्हे, तर उघड चौकशीनंतर ऐकले. असा प्रश्न विचारण्याची सोय बेलारूसमधील खेडुतांना 1986 मध्ये नव्हती.

तेथील ती मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. ज्यांची संपूर्ण ग्रंथी शस्त्रक्रियेने काढावी लागली, ते रोज एक गोळी घेतात. ती त्यांना आयुष्यभर घ्यावी लागणार आहे.