आपट्याच्या घावनाला पाकिटाची सनद कशाला?

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे, भातशेतीच्या पट्ट्यातले गाव. देशभरातील चित्रपटरसिकांना मात्र ते वेगळ्याच कारणाने परिचित आहे. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाचा अखेरचा प्रसंग आपटा स्थानकावर चित्रित झाला आणि पडद्यावर हे कोकणातले स्थानक पंजाबातले म्हणून दाखवले गेले. चित्रपटात असे चालायचेच. परंतु असेच वेषांतर आपल्या ताटाचेही झाले आहे, आणि ते कोणा दिग्दर्शकाने नव्हे, आपण स्वतःच करून घेतले आहे.

कोकणच्या ताटात रोजची भाकरी तांदळाची किंवा नाचणीची. गहू दिसे तो पुरणपोळीच्या निमित्ताने, सणावारी. डोंगरउतारावर कातकरी आणि ठाकर बांधव नाचणी-वरी पिकवत, खलाटीत भात होई. मग देशावर अन्नटंचाईचे संकट आले. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची नामुष्की ओढवली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळ उपवासाचे आवाहन केले. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आले आणि पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याने घाम गाळून देशाचा स्वाभिमान राखला. त्या शेतकऱ्याचे ऋण कोणीही नाकारू नये. प्रश्न गव्हाचा नाही. गहू ‘सुधारलेल्यांचा’ आणि भाकरी ‘गावंढळांची’, हे जे आपण मनाशी ठरवून टाकले, प्रश्न त्याचा आहे. मुलांच्या डब्यात नाचणीची भाकरी देण्याची आपल्याला लाज वाटू लागली आणि मैद्याची बिस्किटे देण्यात भूषण वाटू लागले.

आणि आता काळाची गंमत पाहा. जी भाकरी आपण मागल्या दाराने बाहेर काढली, तीच चकचकीत वेष्टनात, ‘ग्लुटेन-फ्री’ असे बिरुद मिरवत पुढल्या दाराने आत येत आहे. तांदळाचे पीठ, नाचणीचे पीठ, ज्वारीचे पोहे यांवर परदेशी शब्दाची मोहोर उमटली की दर चढतो आणि आपली मान आदराने लवते. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. आपल्या शासनाने या धान्यांना ‘श्री अन्न’ असे सार्थ नाव दिले. जगाने प्रमाणपत्र दिल्याखेरीज घरच्या आजीवर विश्वास ठेवायचा नाही, ही मानसिक गुलामी आणखी किती दिवस जोपासायची?

येथपर्यंत वाचून माना डोलावणाऱ्या बांधवांना आता दोन कटू गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली अशी की, ग्लुटेन हे केवळ बाजारू थोतांड नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतील हे चिवट प्रथिन. सीलिअॅक हा विकार असलेल्या व्यक्तीच्या पोटात ते गेले की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मूल वाढत नाही, रक्त भरत नाही, पोट वरचेवर बिघडते. गहू हे या विकारातील विष आहे, हे विलेम डिक या डच बालरोगतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ओळखले आणि १९५० साली प्रबंधरूपाने मांडले. जगात सुमारे शंभरात एकाला हा विकार असतो. आपल्या देशात तो दक्षिणेपेक्षा उत्तरेत अधिक आढळतो. त्यावर औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच उपाय. ‘पोळीच्या एका तुकड्याने काय होते?’ असे म्हणून अशा मुलाला आग्रह करणारी मावशी किंवा आत्या प्रेमापोटीच त्याचा घात करत असते. उलटपक्षी, शंका आली म्हणून परस्पर गहू बंद करू नये. आधी रक्ततपासणी आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण गहू आधीच सोडला तर तपासणीत विकार लपून राहू शकतो. ज्यांना हा विकार नाही, त्यांनी नुसती टूम म्हणून गहू टाकण्याचेही कारण नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. ‘आमचे पारंपरिक ते सारे निर्दोष’ या अभिमानाने अशा मुलाचे रक्षण होत नाही. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. सातूच्या पिठात गहू असतो. रवा, शेवया आणि कुरडया तर गव्हाच्याच. सर्वांत फसवा म्हणजे आपला हिंग. बाजारात मिळणारा बांधानी हिंग पुष्कळदा गव्हाचे पीठ घालूनच बांधलेला असतो. तांदळाचे दळण गिरणीत गव्हामागोमाग दळले तर त्यातही गहू उतरतो. वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या देशातील अन्नसुरक्षेचा नियम आहे. गिरणीच्या जात्याला लागलेले गव्हाचे पीठ एवढीशी मर्यादा सहज ओलांडते. म्हणजे ज्याला गरज आहे त्याने पाकिटावरची ती अक्षरे वाचलीच पाहिजेत. आक्षेप अक्षरांवर नाही. तीच अक्षरे दाखवून निरोग्यालाही घाबरवणाऱ्या आणि घरची चूल अडाणी ठरवणाऱ्या व्यापारावर आक्षेप आहे.

मग करायचे काय? धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरघंटीवर किंवा घरच्या मिक्सरवर दळावे. पण त्याच यंत्रावर गहू दळायचा नाही. तवा, पोळपाट, चाळणी वेगळी ठेवावी. एवढी शिस्त पाळली की कोकणची खाद्यपरंपरा हात जोडून उभी आहे. एक वाटी तांदळाचे पीठ, पावणेदोन ते दोन वाट्या पाणी आणि मीठ. तापल्या बिडाच्या तव्यावर पातळ ओतून झाकण ठेवले की दोन मिनिटांत जाळीदार घावन. एक वाटी पिठाला दोन वाट्या ताक व एक वाटी पाणी, वर लसूण, मिरची, जिऱ्याची फोडणी, हिंगावाचून. ही उकड आजारी माणसालाही मानवते. दोन वाट्या नाचणीचे पीठ पाऊण वाटी तुपात मंद आचेवर खमंग भाजावे, निवल्यावर वाटीभर किसलेला गूळ मिसळून लाडू वळावेत. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या ज्वारी, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ आणि मूठभर धने वेगवेगळे भाजून दळले की गव्हाविना भाजणी सिद्ध. थालीपीठ मुळीच अडत नाही. श्रावणात हळदीच्या पानातले पातोळे, उन्हाळ्यात फणसाचे सांदण, एरवी पोहे, साळीच्या लाह्या, राजगिऱ्याचा लाडू. यात परदेशी काय आणि महाग काय?

शेवटी एक प्रश्न आपल्या संघटनेच्या बांधवांना आणि उत्सव मंडळांना. सत्यनारायणाच्या पूजेनंतर सर्वांच्या हातावर रव्याचा शिरा पडतो. रांगेतले एक मूल हात मागे घेते. कोणी त्याला उद्धट म्हणते, कोणी हसते. ते मूल प्रसाद नाकारत नसते. त्याला तो घेता येत नसतो. समाज एक आहे, असे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि आपल्याच पंक्तीत एका लेकराला उपाशी उठवतो. शिबिराच्या भोजनात नाचणीचा एक वेगळा डबा, प्रसादात केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू, स्वयंपाकघरात एक निराळा डाव, एवढी तरतूद करायला किती खर्च येतो? समरसतेची परीक्षा भाषणात होत नाही, पंक्तीत होते.

दसऱ्याला आपण आपट्याचे पान सोने म्हणून एकमेकांच्या हाती ठेवतो. त्या पानाला सोन्याचे मोल बाजाराने दिलेले नाही. देणाऱ्या हाताने आणि घेणाऱ्या मनाने दिलेले आहे. आपट्याच्या शेतातल्या तांदळाला, डोंगरावरच्या नाचणीलाही तेच मोल आपणच द्यायचे आहे. येत्या दसऱ्याला सोने लुटून घरी आल्यावर चुलीवर बिडाचा तवा चढू द्या. आणि पहिले घावन, घरी वा शेजारी ज्याला पोळी वर्ज्य आहे असे लेकरू असेल, तर त्याच्या ताटात पडू द्या.