चपट्या नाकाचे मोल

अमरावती आणि अकोला येथील मध्यमवर्गीय वसाहतींत ‘पग’ जातीचा कुत्रा आता नवलाईचा राहिलेला नाही. २००३ साली ‘हच’ या भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागोमाग धावणारा हा कुत्रा घरोघरी पोहोचला आणि त्याला मागणी आली. या आवडीत गैर काही नाही. परंतु वऱ्हाडच्या हवेत ती कोणाला किती महाग पडते, याचा हिशेब मांडावयास हवा.

पग दिसावयास आटोपशीर असतो. वजन साधारणतः सहा ते आठ किलो, कातडी पिवळसर, तोंड काळे, कपाळावर वळ्या, शेपटी पाठीवर गुंडाळलेली. स्वभाव प्रेमळ व खेळकर; भुंकणे बेताचे, माणसांची ओढ मोठी. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला तो सोयीचा वाटावा, हे स्वाभाविकच आहे.

मात्र ज्या चेहऱ्यावर आपण भाळतो, तोच त्याचा आजार आहे. माणसासारखा सर्वांगाला घाम येऊन कुत्र्याचे शरीर थंड होत नाही. जीभ आणि श्वासमार्ग यांवरील ओलावा धापेच्या वाऱ्याने उडतो, तेव्हा त्याला गारवा मिळतो. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने माणसाने पगचे नाक आखूड केले. आतील मऊ टाळू मात्र त्या प्रमाणात आखूड झाली नाही. अरुंद नाकपुड्या आणि अडलेला घसा यांमुळे त्याच्या या कूलरची खिडकीच अर्धी बंद असते. त्याच्या घोरण्याचे आपण कौतुक करतो. वस्तुतः ती श्वासासाठी चाललेली धडपड असते.

आता आपल्या उन्हाळ्याकडे पाहावे. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपलीकडे गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले. कामगारांसाठी पाणी व पंख्यांची सोय करण्याचे आदेश दिले आणि खासगी शिकवणी वर्गांच्या वेळांवर बंधने घातली. धडधाकट माणसासाठी जेथे जमावबंदीचे कलम वापरावे लागते, तेथे अर्ध्या श्वासावर जगणाऱ्या प्राण्याची काय कथा! शिवाय पावसाळ्यातील दमट हवेत कूलर निष्प्रभ होतो, तशीच कुत्र्याची धापही.

अन्य देशांनी या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले आहे. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून अत्यंत आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निर्बंध आहेत. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली आनुवंशिक व्याधींच्या कारणास्तव ‘कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल’ या लहानशा जातीची पैदास बेकायदा ठरविली. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. नाकाच्या लांबीविषयी मात्र हे नियम मौन पाळतात. तेव्हा जबाबदारी ग्राहकावर येऊन पडते.

ज्यांच्या घरी पग आहे, त्यांनी त्याला दुपारी बाहेर काढू नये, वजन वाढू देऊ नये, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. धाप थांबेना किंवा जीभ निळसर दिसली, तर अंगावर साधे पाणी ओतून, वारा घालीत तत्काळ पशुवैद्य गाठावा. ज्यांना नव्याने कुत्रा पाळावयाचा आहे, त्यांनी लांब नाकाचे गावठी पिल्लू घरी आणावे. तेही माणसाला तितकाच जीव लावते, आणि त्यासाठी कोणास हजारो रुपये मोजावे लागत नाहीत. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. या विषयावरील लोकशिक्षणाची धुरा तिने उचलल्यास ते उचितच होईल.

कोणाचा खेळ होतो आणि कोणाचा जीव जातो, अशी आपल्याकडे म्हण आहे. मागणी आटली की पैदास आटते, हा बाजाराचा नियम आहे. पिल्लू पाहताना त्याच्या डोळ्यांइतकेच त्याच्या नाकाकडेही पाहावे. हा खेळ थांबविणे ग्राहकाच्याच हाती आहे.