भाऊसाहेबांचे तगादे

पानिपत म्हटले की कुणाला विश्वासराव आठवतात, कुणाला इब्राहिमखान गारद्याच्या तोफा. मला आठवतात ती सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्यात ती आहेत. शौर्याच्या बाता त्यांत नाहीत. पैका पाठवा आणि अब्दालीची रसद मारा, हाच घोशा.

१७ ऑक्टोबर १७६० रोजी कुंजपुरा पडला तेव्हा धान्य मुबलक मिळाले होते. पण आठ-दहा दिवसांतच अब्दाली यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. बुणगे, यात्रेकरू, बायकामुले अशी खाणारी तोंडे लढणाऱ्यांहून कितीतरी जास्त!

पत्रांचा सूर चढत जातो. भाऊ रागावतात, बोल लावतात. पण गोविंदपंत पडले वसुलीचे कारभारी, त्यात वय झालेले. मुलुखातले जमीनदार उलटल्यावर पैका आणायचा कोठून? त्यांना कामचुकार ठरवणे मला तरी पटत नाही. अखेर ते अंतर्वेदीत उतरले, शत्रूच्या रसदेला चिमटाही बसला. पण डिसेंबरात अताईखानाच्या स्वारांनी त्यांना गाठून ठार केले.

मग भिस्त उरली दिल्लीच्या नारो शंकरांवर. त्यांच्याकडून खजिना घेऊन जानेवारीत स्वार निघाले, कमरेला रुपयांच्या थैल्या बांधून. रात्री वाट चुकली. आपलीच छावणी समजून ते शिरले अफगाणांच्या गोटात.

१४ जानेवारी १७६१च्या सकाळी फौज उपाशीपोटीच बाहेर पडली.